एकच कोर्ट, दोन संघ: मुलींची प्रॅक्टिस बसवायची कशी?

लाल_माती: नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडच्या एका कॉलेजात जूनपासून क्रीडा संचालक म्हणून रुजू झालेय. मी मूळची खो-खोची. आधीचे सर निवृत्त झाले आणि टेनिस माझ्या गळ्यात पडलं, मुलांचंही आणि मुलींचंही. कोर्ट एकच, तेही मातीचं. पावसाळाभर ताडपत्रीखाली होतं, आत्ता कुठे रोलर फिरवून चुन्याच्या रेघा मारल्यात.

मुलं नऊ, मुली तीन. जुन्या वहीत लिहिलंय, ‘मुले 4 ते 6, नंतर मुली.’ नंतर म्हणजे कधी? दिवाळीनंतर सहालाच अंधारतं आणि कोर्टावर दिवे नाहीत. तिघींतली एक निफाडहून येते, तिला सहा दहाची एसटी गाठायची असते. म्हणजे मुलींचा संघ कागदावर आहे. प्रत्यक्षात तो मुलांचे बॉल गोळा करतो. परवा एकीने माझ्या हातात बॉल दिला. अंगठ्याने दाबला तर जास्त पिकलेल्या पेरूसारखा आत गेला. म्हणाली, “मॅडम, नवा डबा मुलं फोडतात. आमच्याकडे येईपर्यंत हे असे होतात.”

वेळ कशी वाटू? आणि तीन मुलींवर संघ उतरवता येतो का?

निवृत्त_पीडी: मॅडम, असली वही मीही बावीस वर्षं लिहिली. मुलींचं वाईट करायचं मनात नव्हतं हो. मुलांचं आधी लिहायचो, उरेल ते मुलींचं. उरायचं काहीच नाही. तुम्ही उलटं करा, एसटीपासून मागे मोजत या. सहा दहाची गाडी म्हणजे साडेपाचला ती मुलगी मोकळी हवी, म्हणजे तिचं साडेतीनला सुरू व्हायला हवं. एवढं पक्कं झालं की मगच मुलांचं लिहा.

आणि वेळ सरसकट वाटूच नका. एका कोर्टावर चार जण आरामात क्रॉसकोर्ट मारतात, दोघं या कर्णावर, दोघं त्या. यात मुलगा-मुलगी असा भेद कशाला? बाकीचे भिंतीवर. भिंतीवर नेटच्या उंचीची रेघ मारून घ्या, मधोमध 91 सेंमी, खांबापाशी 107. आमच्याकडे ती सरळ मारली होती. पोरांना वाटायचं नेट सगळीकडे सारखंच असतं, मग डाऊन द लाइन, म्हणजे कडेच्या रेघेलगत सरळ, मारला की बॉल नेटच्या पट्टीत.

बॉलचं अंगठ्यावर सोडू नका. 254 सेंमीवरून फरशीवर टाकला तर नवा बॉल 135 ते 147 सेंमी उसळायला हवा. भिंतीवर तिथे खडूची खूण करा. जो उसळत नाही तो सर्व्हिसच्या बादलीत, मग त्याचा डबा कुणीही फोडलेला असो. थंडीत मात्र सकाळी सातला ही परीक्षा घेऊ नका, गार बॉल तसाही कमी उसळतो. डिसेंबरात नाशिकला दव पडून माती ओली असते ती वेगळीच.

तीन मुलींचं म्हणाल, तर आमच्या वेळी टायमध्ये, म्हणजे दोन संघांच्या लढतीत, दोन सिंगल्स आणि एक डबल्स असायची. दोघींवर निभायचं, तिसरी राखीव. तरी नियमपत्रक एकदा वाचा, आणि तिघींचेही एलिजिबिलिटी फॉर्म आत्ताच भरून ठेवा. चौथी हवी असेल तर बॅडमिंटनवाली बघा. मनगटाची सवय मोडायला महिनाभर जातो, पण पाय तयार असतात.

बॅकहँडवाली: मी कॉलेजकडून खेळलेय. मॅडम, वेळापत्रकाआधी एक बघा, मुलींना कपडे बदलायला जागा आहे का? आम्ही रोलरच्या खोलीत बदलायचो. कडी नव्हती, एकीने दार धरून उभं राहायचं. ट्रॅकसूट मुलांच्या मापाचे. मी बाह्या दोनदा दुमडून फायनल खेळले.

सिडको_स्मॅश: पण नऊ मुलं खेळायला येतात, तीनच मुली. नऊ जणांनी तिघींसाठी थांबायचं, हे कोणतं गणित? बक्षीसं कोण आणतं तेही बघा.

बॅकहँडवाली: दादा, अंधारात कोण येणार? म्हणून तीन. अमेरिकेतही आपोआप झालं नाही, 1972 साली शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेदभाव नको म्हणणारा टायटल नाइन कायदा आला म्हणून झालं. तिथे पहिल्या श्रेणीच्या प्रत्येक विद्यापीठात 2024-25 पर्यंत टेनिससाठी मुलांना जास्तीत जास्त साडेचार शिष्यवृत्त्या होत्या आणि मुलींना आठ. कारण मुलांच्या बऱ्याचशा शिष्यवृत्त्या त्यांचं ते फुटबॉल खायचं. तरी त्याच काळात आपला सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 2007 आणि 2008 ला लागोपाठ तिथला कॉलेज सिंगल्सचा चॅम्पियन झालाच की, कुठे काय अडलं? आणि आपल्या शेजारच्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, मग 2023 ला हांगझोऊत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं एशियाड सुवर्ण घेऊन आली.

सिडको_स्मॅश: बरं बरं. पण मुलांच्या कॅप्टनला हे तुम्हीच सांगा.

लाल_माती: सांगितलं. दोन दिवस तोंड फुगवून होता. काल निफाडच्या मुलीबरोबर क्रॉसकोर्टला लावला, तिचे बॅकहँड परतवताना घामाघूम झाला, आज तोंड जरा कमी फुगलंय. कडी बसवायला सुतार उद्या येतोय.

सर, खडूची खूण केली. जिमखान्यातले सगळे बॉल टाकून बघितले. सव्वीसपैकी पाच पास. त्यातले तीन कॅप्टनच्या किटबॅगेत सापडले.