मदत हवी आहे: शाळेत सुई पाण्यावर तरंगतच नाहीये

उद्या पोरांना पृष्ठताण (रेणूंच्या आपसातल्या ओढीने पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, तो) दाखवायचाय आणि सुई काही तरंगेना. टिश्यू पेपरवर ठेवून सोडली, कागद भिजून खाली गेला की मागोमाग सुई पण बुडुक. बारीक सुई घेतली, तेलाचा हात लावला, बोअरचं पाणी सोडून फिल्टरचं घेतलं, तरी तेच. घरी काचेच्या वाटीत मात्र पहिल्याच फटक्यात तरंगली, सुईखाली पाणी दबून खळगा पडलेला पण दिसत होता. शाळेतला स्टीलचा वाडगा भांड्याच्या साबणाने घासतात, खंगाळतात कसा देव जाणे. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी पृष्ठताण उलट किंचित वाढतो (शुद्ध पाण्याचा २५ अंशाला ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर), म्हणून पाण्यावर संशय नाही. वाडग्याला चिकटलेला, डोळ्याला न दिसणारा साबण पृष्ठभागावर पसरून रेणूंची ओढ एवढी कमी करतो का, की सुई बुडावी? आणि तसं असेल तर लॅबशिवाय वाडगा नक्की कशाने धुवू?