जर्मनीतल्या युवा केंद्रात वर्षभर स्वयंसेवा – लेकीला पाठवावं का?

सुनीता_मिरज
नमस्कार मंडळी. लेक २१ वर्षांची, यंदा मानसशास्त्र घेऊन बीए झाली, जर्मन भाषेची बी१ (मध्यम पातळीची) परीक्षा पास आहे. तिला जर्मनीत बीएफडी, म्हणजे तिथल्या सरकारच्या योजनेतली स्वयंसेवा करायचीय. तिथल्या एका युवा केंद्राने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेऊन होकारही कळवलाय. इकडे एक एजंट म्हणतो, युवा केंद्र सोडा, वृद्धाश्रमात जागा मिळवून देतो, अडीच लाख भरा. तिच्या बाबांना एजंटचा भरवसा वाटतो, मला केंद्राचा. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. केंद्रात नेमकं काम काय असतं? एकट्या मुलीची सोय कशी होते? स्वतः केलेल्या कुणी तरी सविस्तर लिहा.

ऱ्हाईनकाठची
सुनीताताई, मी केलंय. नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियातल्या एका युवा केंद्रात, पूर्ण १२ महिने. आधी पैशाचं सांगते: होकार आलेला असताना एजंटला एक रुपयाही देऊ नका. स्वयंसेवकानेच पैसे भरून जागा विकत घ्यायची, असं या योजनेत काही नाही. उलट खिशाला थोडे पैसे आणि आरोग्य विमा तिकडूनच मिळतो.

आता काम. सकाळी केंद्र शांत असतं. शाळा सुटली की दारात सायकली आडव्या पडतात आणि पोरं आत येतात, कुणी भुकेलं, कुणी भांडून आलेलं. गृहपाठाला बसायचं, टोस्ट भाजून द्यायचे, टेबल-फुटबॉल खेळायचं (दांडी गरगर फिरवायची नाही, हा पहिला नियम मला पोरांनीच शिकवला). मुलं नावाने हाक मारतात, अरे-तुरे करतात. पहिल्या आठवड्यात मला ते बोचलं, नंतर आवडायला लागलं.

पहिले दोन महिने अवघड गेले, हे लेकीला आधीच सांगा. वर्गातली जर्मन आणि चौदा वर्षांच्या मुलाची जर्मन यांचा काही संबंध नाही. मला खरी भाषा शिकवली ती सीरियातून आलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाने. बुधवारी आम्ही मिळून स्वयंपाक करायचो. बटाट्याच्या भाजीला कांदा चिरताना मी ‘डेर त्स्वीबेल’ म्हटलं की तो सुरी बाजूला ठेवून टेबलावर टकटक करायचा, ‘डी!’ (जर्मनमध्ये कांदा स्त्रीलिंगी, म्हणून ‘डेर’ नाही, ‘डी’.) दोनच वर्षांपूर्वी त्यालाही ही भाषा येत नव्हती. मे महिन्यात त्याने शाळेतून आलेलं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, आईला समजावायचंय, बरोबर वाचतोय ना बघ. त्या दिवशी खोलीवर येऊन मी रडले. मानसशास्त्र शिकलेल्या मुलीला याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

एक जपायचं. मुलाने घरचं काही गंभीर सांगितलं तर ते पोटात ठेवायचं नाही, कायमच्या कर्मचाऱ्याला लगेच सांगायचं. आणि स्वयंसेवक हा मदतनीस आहे, कर्मचाऱ्याला पर्याय नव्हे. दोनदा शुक्रवारी संध्याकाळी अख्खं केंद्र माझ्या एकटीवर सोडलं होतं. सेमिनारला गेल्यावर तिथल्या बाईंना सांगितलं, त्यांनी केंद्राला फोन केला, पुन्हा तसं झालं नाही. वर्षभरात असे २५ दिवस सेमिनारचे असतात. तिथे आपल्यासारखेच इतर स्वयंसेवक भेटतात, एकटेपणा निम्मा तिथेच जातो.

कागदपत्र_पुणे
थोडं कागदांचं. जर्मनीत सक्तीची लष्करी सेवा थांबली त्याच वर्षी, २०११ मध्ये, बीएफडी सुरू झाली. तिचा करार फक्त केंद्राशी होत नाही, जर्मन सरकारच्या कोलोनमधल्या कार्यालयाचाही त्यात सहभाग असतो. तो सगळ्यांच्या सह्यांसह हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. व्हिसाचा अर्ज आपल्याकडून मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातो. त्याला वेळ लागतो, म्हणून सप्टेंबरला रुजू व्हायचं असेल तर वसंतातच हालचाल हवी. खिशाच्या पैशांची कमाल मर्यादा २०२५ साली महिना ६४४ युरो होती, पण बहुतेक ठिकाणी त्याहून बरेच कमी देतात. म्हणून खोली मिळते का, जेवण मिळतं का, हे आकड्याहून महत्त्वाचं.

आणखी एक. नेटवर युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर या युरोपीय संघाच्या स्वयंसेवा योजनेची माहिती खूप दिसते, १८ ते ३० वयाची अट वाचून आपली मुलं हुरळतात. ती युरोपीय संघ आणि त्याच्या शेजारच्या देशांतल्या तरुणांसाठी आहे, भारतात राहून तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

सुनीता_मिरज
दोघांचेही मनापासून आभार. कांद्याचा किस्सा मोठ्याने वाचून दाखवला, तिचे बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, एजंटला मीच नाही म्हणतो. आता एकच शंका: केंद्राने ईमेलमध्ये ‘खोली बघू’ एवढंच लिहिलंय.

ऱ्हाईनकाठची
‘बघू’वर थांबू नका ताई. आजच लेकीला लिहायला सांगा: खोली केंद्राची की तिने शोधायची, भाडं कोण भरणार, संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर शेवटची बस किती वाजता. उत्तर लेखी घ्या. जर्मन लोकांना असे सरळ प्रश्न आवडतात. मेलचा मसुदा इथे टाका, मी तपासून देते.