विहीर आम्ही उपसली, जाळीला परवानगी कुणाची?

लोकमान्य नगर, इंदूर: गल्लीतली जुनी विहीर आम्ही 14 घरांनी वर्गणी काढून उपसली. गाळातून पितळी घागर निघाली, दोन दिवसांनी झरा वाहू लागला. आता विहिरीवर बसवायच्या जाळीच्या परवानगीची फाइल चार महिने पालिकेच्या टेबलावरच. वॉर्ड समिती असते ना? आम्ही बायका जाऊ.

उत्तर: ताई, 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने 3 लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या ठेवायला सांगितल्या. पण एका समितीत अनेक वॉर्ड चालतात, आणि अधिकार राज्याच्या मर्जीवर. खरी मेख तिथेच.

उत्तर: राज्याने मनावर घेतलं तर होतं. केरळने 1996 मध्ये राज्याच्या विकास योजनेचा 35 ते 40 टक्के निधी स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं. पैसा हाती असला की माणसं सभेला येतात.

ताई: रविवारी नगरसेवकांना विहिरीवरच बोलावते. पाणी बघू देत.