कारण आधी की निकाल आधी?
वर कोणीतरी लिहिलंय, ‘कळव्याहून रोज लोकलने सीएसएमटी गाठणाऱ्याला एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अशक्यच.’ गर्दी खरीच आहे. पण परीक्षेआधीच कारण तयार असेल तर संशय घ्यावा. मानसशास्त्रज्ञ बर्ग्लास-जोन्स यांच्या १९७८च्या प्रयोगात, न सुटणारी कोडी देऊन ‘छान सोडवलीत’ सांगितलेल्या पुरुष विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढच्या चाचणीआधी कामगिरी बिघडवणारं औषध निवडलं. अपयशाची सोय आधीच!

सराव पेपरचा प्रत्येक चुकलेला प्रश्न चारांपैकी एका रकान्यात टाका: माहितीच नव्हती, घाईत ‘अयोग्य’चं ‘योग्य’ वाचलं, दोन पर्यायांत अडकून अंदाजाने ठोकला, वेळ संपला. लोकलचा दोष फार तर पहिल्यात. तिसऱ्यात दोन गुणांचे २४ प्रश्न निघाले तर, चुकीच्या उत्तराला प्रश्नाचे पाव गुण म्हणजे अर्धा गुण कापला जात असल्याने, नुसती वजाबाकीच १२ गुणांची. नोंद त्याच संध्याकाळी करा, दोन दिवसांनी सगळं ‘पेपरच टफ होता’मध्ये जमा होतं.