ऊसतोड कामगारांसाठी मोफत डोळे तपासणी घ्यायचीय, कुणाला अनुभव आहे का?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं शिरोळ तालुक्यात एक छोटं तरुण मंडळ आहे. यंदा गणपतीच्या वर्गणीतनं ४० हजार शिल्लक राहिलेत आणि सगळ्या पोरांचं म्हणणं पडलं की गावाबाहेर माळावर ज्या खोपी (झोपड्या) पडल्यात तिथल्या ऊसतोड कामगारांची डोळे तपासणी करायची. बीडकडचे लोक आहेत बहुतेक, शंभरेक कोयते (म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या) असतील. गेल्या साली एकदा घेतलं होतं शिबिर, रविवारी सकाळी १० ते २, शाळेत, मांडव स्पीकर चहा नाष्टा सगळं केलं आणि आली किती तर गावातलीच ६०-७० माणसं, खोपीवरचे फक्त ९. त्यातल्या ४ जणांना मोतीबिंदू निघाला, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि पुढं त्या चौघांचं काय झालं ते आम्हाला आजतागायत माहीत नाही. एक म्हातारी तर चिठ्ठी कमरेच्या पिशवीत घालून "कुठं दाखवू ही बाळा" विचारत होती आणि आमच्यात कुणालाच नीट सांगता आलं नाही. ते डोक्यातनं जात नाही. यंदा काय वेगळं करावं?

नंबरवाली_मिरज:
दादा, आधी वेळ बदला. सकाळी १० ला तिथं कोण असणार, अंधारात फडात गेलेली माणसं असतात ती. संध्याकाळी ६ नंतर खोपीवरच जा, नाहीतर त्यांचा आठवडी बाजाराचा दिवस धरा. आणि मुकादमाशी, म्हणजे टोळी आणणाऱ्या माणसाशी, आधी बोला, तो हो म्हणाला तर अख्खी टोळी येते.

तपासणीचं म्हणाल तर मी रोज हेच काम करते म्हणून सांगते. अक्षरांचा तक्ता नेऊ नका, इंग्रजी E चा तक्ता न्या, नुसतं कुठल्या बाजूला तोंड आहे ते हातानं दाखवायचं, शाळा शिकलेलं असायला लागत नाही. ६ मीटर टेपनं मोजून चुन्याची रेघ मारा, तक्त्यावर चांगला उजेड टाका, आणि रांग तक्त्यापासून लांब ठेवा कारण मागं उभे असलेले पुढच्याची उत्तरं ऐकून पाठ करतात, हे मी स्वतः बघितलंय. ज्याला कमी दिसतं त्याला पुठ्ठ्याच्या बारीक भोकातनं बघायला लावा. भोकातनं सुधारलं तर बहुतेक चष्म्याचं काम आहे, नाही सुधारलं तर डॉक्टरकडं. बाहुली मोठी करायचे थेंब तिथं अजिबात घालू नका, पुढचे काही तास धूसर दिसतं आणि त्याच माणसाला रात्री गाडी भरायची असते.

आणि चाळिशीचे चष्मे जास्त न्या हो. सगळे मोतीबिंदूच्या मागं लागतात पण चाळीस ओलांडलेल्या बहुतेकांना जवळचं दिसत नसतं, +१ ते +२.५ चे तयार चष्मे तिथल्या तिथं देता येतात, फार महागही पडत नाहीत. मागच्या वर्षी एका मावशींना +२ चा लावला, त्यांनी तक्त्याकडं बघितलंच नाही, स्वतःचा तळहात डोळ्यापुढं धरला आणि पदराची पिन काढून उसाची कूस (बारीक काटे) उपसत बसल्या. म्हणाल्या इतके दिवस सून काढून द्यायची.

जुनी_बॅग:
आमच्याकडं घरोघरचे वापरलेले चष्मे गोळा केलेत दोन पिशव्या, ते चालतील का?

नंबरवाली_मिरज:
नको. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घातला की डोकं दुखतं, चार दिवसात खोपीच्या कुडात खोचून ठेवतात.

केजची_लेक:
माझे आईवडील २२ वर्षं कोयता घेऊन तुमच्याच भागात यायचे म्हणून लिहितेय. तुमची चिठ्ठी वाया का गेली ते सांगते. हंगामात ऑपरेशन म्हणजे पाण्याची धुळीची ओझ्याची बंदी, महिनाभर थेंब, आणि इथं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकवर चढायचं असतं. एक माणूस बसला की कोयता मोडतो, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) तर अंगावर तशीच. कुणी मुद्दाम टाळत नाही ओ, सोय नसते. म्हणून ज्यांना अगदी दिसेनासं झालंय त्यांना आत्ता न्या आणि बाकीच्यांचं नाव, मूळ गाव, तालुका, मुकादमाचा नंबर आणि घरी राहिलेल्या कुणाचा तरी नंबर लिहून घ्या. कामगारांचे स्वतःचे नंबर बदलतात. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की एप्रिलमध्ये लोक गावी येतात, तेव्हा बीडच्या जिल्हा रुग्णालयात ऑपरेशन होऊ शकतं, त्यांच्याकडं यादी आधीच पोचली पाहिजे.

दुसरं म्हणजे डोळ्याला पातं लागणं. माझ्या आईला जानेवारीत लागलं, मेडिकलमधनं थेंब आणले, दोन दिवस लाली उतरली आणि मग बुबुळावर पांढरा ठिपका. पुढं कळलं ते स्टेरॉइडचे थेंब होते आणि आत बुरशी होती. त्या डोळ्यात फूल पडलंय, आता फक्त उजेड कळतो तिला. तुम्ही जाल तेव्हा एवढं तरी प्रत्येक खोपीत सांगा की पातं लागलं, डोळा लाल झाला, पाणी येतंय तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर, मेडिकलचे थेंब नाही. मोतीबिंदू एप्रिलपर्यंत थांबतो, हे थांबत नाही.

निवृत्त_नेत्रसहायक:
ताईंचं शंभर टक्के बरोबर. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं, पैशाचा प्रश्न तिथं नाही. प्रश्न नेण्या-आणण्याचा आणि सोबत कोण याचा. मदुराईच्या अरविंद रुग्णालयानं हे फार पूर्वी ओळखलं, म्हणून ते शिबिरातनं माणूस बसनं नेतात, जेवण देतात आणि परत सोडतात. तुमचे मांडव स्पीकरचे पैसे वाचवून जीपला लावा. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना आत्ताच जाऊन भेटा, लेखी पत्र द्या. आणि कुणी शाळेत ऑपरेशन करू म्हणालं तर सरळ नाही म्हणा, ऑपरेशन थिएटरमध्येच.

पंचगंगाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. केजच्या ताई, आईंचं वाचून आम्ही चौघं बराच वेळ गप्प बसलो. मांडव रद्द केला. उद्या संध्याकाळी मुकादमाकडं जातोय, गेल्या सालच्या त्या म्हातारीची टोळी यंदा आलीय का ते पण विचारतो. यादीचा कागद तयार करून इथं टाकतो, ताई त्यात तुमच्याकडच्या गावांची नावं बरोबर लिहिलीत का तेवढं बघाल का?