घरात शिरलेल्या उंदराचं काय करायचं? माझं मत: ग्लू पॅड आणि विष दोन्ही नको

सिडको_स्वाती
पाऊस सुरू झाला की आमच्याकडे उंदरांचा विषय निघतोच. काल सोसायटीच्या ग्रुपवर एकाने ग्लू पॅडची (उंदीर चिकटवून पकडायचा गोंद लावलेला पुठ्ठा) लिंक टाकली आणि धडाधड थँक्यूचे मेसेज पडले. मला राहवलं नाही म्हणून इथे लिहितेय. त्या पॅडवर काय होतं ते मी शेजारी बघितलंय. आधी पाय चिकटतात, मग तो तोंडाने पाय सोडवायला जातो तर तोंड पण चिकटतं, सकाळी बघावं तर जिवंतच, डोळे उघडे, पोट धपधप हलतंय आणि खालची कातडी ओढली गेलेली. आणि घरचे लोक तो पुठ्ठा तसाच दुमडून घंटागाडीत टाकतात!! अॅनिमल वेल्फेअर बोर्डाने 2011 मध्येच राज्यांना कळवलंय की हे ट्रॅप थांबवा, तरी दुकानात सर्रास मिळतात.
माझं म्हणणं सरळ आहे. पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा आणि तो आला कुठून ते भोक बंद करा. तेवढ्याशा जिवाला रात्रभर तडफडवायचा आपल्याला काय हक्क?

रांगत्या_बाळाची_आई
ताई तुमच्या भावना समजतात पण माझं बाळ दिवसभर जमिनीवर असतं, जे दिसेल ते तोंडात घालतं. ओट्याखालच्या ट्रॉलीत लेंड्या, चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये लेंड्या. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा आजार) होतो, 2005 च्या पुरानंतर मुंबईत किती लोक गेले ते आठवतंय ना? मला तो घरातून आजच्या आज गेलेला हवाय, कसा गेला याचा विचार करायला मला वेळ नाही. पिंजऱ्यात यायची वाट बघत बसू का?

मेडिकलवाला_दादा
दोघींना एकत्रच सांगतो. बाळ असलेल्या घरात विष अजिबात आणू नका, हे काउंटरच्या या बाजूने बोलतोय. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट येते, तिच्यावर उतारा नाही, लिव्हर जातं आणि सुरुवातीला एक-दोन दिवस पेशंट बरा वाटतो म्हणून लोक गाफील राहतात. झिंक फॉस्फाइडची काळी पावडर पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी गॅस तयार करते. ब्रोमॅडिओलोनच्या केकवर उतारा म्हणून व्हिटॅमिन के चालतं पण त्या केकने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो आणि तेही बहुतेक फर्निचरच्या मागे, मग आठवडाभर वास. तो अर्धमेला उंदीर मांजराने नाहीतर घुबडाने खाल्ला तर ते विष त्यांच्याही पोटात.
लेंड्या कोरड्या झाडू नका हो कोणी, धूळ उडते. ब्लीचचं पाणी टाकून पाच मिनिटं भिजू द्या, हातमोजे घालून टिशूने उचला.

द्राक्षबाग_मखमलाबाद
"लांब नेऊन सोडा" वाल्यांना माझा प्रश्न आहे. लांब म्हणजे कुठे? आमच्याच बांधावर ना? सकाळी गाडीवर पिंजरा घेऊन येतात, कडेला थांबून दार उघडतात आणि पुण्य केल्यासारखं जातात. उंदीर आमच्या ठिबकच्या नळ्या कुरतडतो, एक लॅटरल (वेलींच्या ओळीतली नळी) फुटली की खालच्या वेलींना पाणी नाही आणि इकडे चिखल. घुशी असतील तर बांध पोखरतात. उंदीर वाढले की मागोमाग नाग येतो, मजूर बायका सकाळी वाकून काम करतात, त्यांचा विचार कोण करणार?
आणि तुम्ही सोडलेला घरातला उंदीर जगतो असं वाटतं का तुम्हाला? अनोळखी जागा, बीळ माहीत नाही, खायचं कुठे माहीत नाही, बरेचसे लवकरच मरतात नाहीतर जवळच्या दुसऱ्याच्या घरात घुसतात. त्यापेक्षा चांगल्या स्प्रिंगचा चाप लावा, मानेवर बसला की क्षणात खलास. हे तुमच्या पिंजऱ्यापेक्षा जास्त दयेचं आहे असं मी स्पष्ट म्हणतो.

श्रीगणेशा_पंचवटी
गणपतीचं वाहन आहे ते, आमच्या घरी आजीच्या काळापासून मारत नाहीत. मारायचं नाही म्हणजे नाही. यात चर्चा काय करायची.

रविवार_कारंजा_किराणा
श्रद्धेचा मान आहे भाऊ, पण आमच्या गोडाऊनला तांदळाचं पोतं फोडलं की तो माल फेकावा लागतो, मुतलेलं धान्य गिऱ्हाइकाला कसं देणार? 2019 ला नाशकात गोदावरी चढली, सराफ बाजार-भांडीबाजारात पाणी आलं, तेव्हा बिळातले सगळे वर आले. जुने वाडे, मातीच्या भिंती, एकाच्या भिंतीतून दुसऱ्याच्या माळ्यावर रस्ता. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः व्यायला तयार होतात. एक पकडून सोडून काय होणार, सांगा बरं. मी चापच लावतो आणि लावणार.
एक मात्र सांगतो, जो तो प्लगला लावायचा, आवाजाने उंदीर पळवतो म्हणणारा डबा घेतोय त्यात पैसे घालू नका. अमेरिकेत 2001 सालीच सरकारने त्या कंपन्यांना ताकीद दिली होती की दावे सिद्ध करून दाखवा.

सिडको_स्वाती
मखमलाबादच्या दादांचा मुद्दा मला लागला, खरंच. शेतकऱ्याच्या बांधावर सोडणं चूकच आहे, ते मी इथून पुढे कोणाला सुचवणार नाही. पण चाप पण दर वेळी मानेवर बसत नाही ना, पाय अडकून ओढत नेतात तेव्हा काय? म्हणून माझा जोर पकडण्यावर कमी आणि बंद करण्यावर जास्त आहे. लहान उंदीर साधारण 6 मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, म्हणजे पेन्सिल जात असेल तर तो पण जातो. सिंकच्या पाइपभोवतीची फट, एसीच्या पाइपचं भोक, गॅलरीच्या दाराखालची जागा, हे तीन आधी बघा. भोकात भांडी घासायची स्टीलची घासणी घट्ट कोंबा आणि वरून सिमेंट, नुसता थर्माकोल किंवा फोम तो एका रात्रीत कुरतडतो. दाराखाली पट्टी. मोरीला जाळी. आणि बाळाच्या आई, गॅसची साधी रबरी नळी असेल तर आधी तार असलेली नारंगी सुरक्षा नळी बसवा, नळी कुरतडली तर लेप्टोपेक्षा मोठा प्रश्न होईल.

रांगत्या_बाळाची_आई
नळी आजच बघते. पण तो आत आहे त्याचं काय? भोक बंद केलं तर आतच अडकेल ना!

द्राक्षबाग_मखमलाबाद
आधी आतला काढा मग बुजवा, आणि आधी बघा नक्की उंदीरच आहे का. लांब नाक, बारीक डोळे, चिक् चिक् आवाज आणि उग्र वास असेल तर ती चिचुंद्री, ती झुरळं-किडे खाते, दार उघडं ठेवलं तर भिंतीकडेने बाहेर जाते, तिला मारू नका. उंदीर असेल तर चाप भिंतीला लागून आडवा ठेवा, दाणा भिंतीच्या बाजूला, उंदीर मधून चालत नाही. भाजलेला शेंगदाणा गुळात चिकटवून ठेवा म्हणजे नुसता उचलून पळत नाही. मोठा उंदीर असेल तर नवीन वस्तूला घाबरतो, दोन-चार रात्री चाप न ओढता नुसतं खाणं ठेवा, मग ओढा. बाळाचा हात जाणार नाही अशा ट्रॉलीच्या मागे.

सिडको_स्वाती
हेच सगळं पिंजऱ्याला पण लागू आहे, भिंतीला लागून आणि गूळ-शेंगदाणा. पकडल्यावर काय, यावर आपलं जमणार नाही दादा. मी पकडलेला आमच्याच बिल्डिंगच्या मागच्या नाल्याच्या कडेला सोडीन, आधी भोकं बुजवून. परत आला तरी घरात येता येणार नाही.

रविवार_कारंजा_किराणा
तुमच्या घरात नाही, तळमजल्यावरच्या माणसाच्या घरात येईल. त्याला विचारलंय का?

सिडको_स्वाती
रविवारी मीटिंग आहे, तिथे विचारते. सगळ्या मजल्यांची पाइपची भोकं सोसायटीच्या खर्चाने एकदमच बुजवा असं मांडणार आहे, आणि ग्लू पॅड बंद हे पण त्याच ठरावात.