अनुभव धागा: मैदानावरचे फोटो, विक्री आणि परवानगी

कोपऱ्यातला_कॅमेरा
आज एसटी स्टँडजवळ प्रोटीन पावडरच्या दुकानाचा फ्लेक्स बघितला. लाल मातीने माखलेला पोरसवदा पैलवान, मागे फडातली गर्दी. फोटो जत्रेतला आहे हे सरळ दिसतंय, पोराला पत्तातरी असेल का देव जाणे. त्यावरून जुनं आठवलं. मी कबड्डीचे सामने काढायचो तेव्हा एका चढाईपटूचा फोटो जमून आला होता, एक पाय बोनस लाइनच्या पलीकडे आणि मागचा हवेत. तो एका बूटवाल्याला जाहिरातीला हवा होता, पैसे बरे देत होता, म्हटलं आधी विचारून येतो. पोरगा अठराच्या आतला, म्हणजे सही वडिलांची. ते गोठ्यात धार काढत होते. म्हणाले, "फोटो तुझा रे, पण तंगडी आमच्या पोराची हाय." मग कागद मराठीतून वाचून घेतला आणि खाली पेनाने लिहायला लावलं, फक्त बुटाला, गुटख्याला नाही. पैशातला वाटाही ठरवून घेतला. तुमचेही लिहा.

चहा_दोनदा
तंगडी 😂😂 वडिलांना वकील करा कुणीतरी

रात्रीचा_एडिटर
स्टॉक साइटवाले, म्हणजे आपले फोटो ठेवून विकणारे, हेच विचारतात. शटरस्टॉकवर रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाची सही केलेली परवानगी, नसेल तर फोटो एडिटोरियलमध्ये टाकायचा, म्हणजे बातमी, लेख वगैरेला चालतो, जाहिरातीला नाही. आता कबड्डीत दोन्हीकडचे मिळून चौदा, वर पंच, कुणाकुणाच्या सह्या घेत फिरणार? शिवाय जर्सीवर स्पॉन्सरचा लोगो असतो, जाहिरातीला द्यायचा तर तोही पुसत बसा. मी सामन्याचे सगळे एडिटोरियललाच टाकतो, पैसे येतात ते असेतसेच.

घाटातली_धावपटू
मॅरेथॉनला नाव नोंदवताना खाली बारीक अक्षरात असतं की आयोजक तुमचे फोटो वापरू शकतात, आपण टिक करून मोकळे. नंतर साइटवर बिब नंबर (छातीवरचा क्रमांक) टाकला की आपलेच फोटो आपल्यालाच विकत!! आणि ते नेमके चढावरचे, जीभ बाहेर, डोळे पांढरे. घेतला नाही तर घेतला नाही, पण तोच त्यांच्या पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर आला तर काय करायचं

चहा_दोनदा
@घाटातली_धावपटू फ्रेम करायची

तारीख_पे_तारीख
दोन गोष्टींची गल्लत होते नेहमी. कॉपीराइट वेगळा, चेहऱ्याची परवानगी वेगळी. १९५७ च्या कायद्याने फोटो काढणारा मालक, पण कुणी पैसे देऊन काढून घेतले असतील आणि वेगळं काही ठरलं नसेल तर मालकी पैसे देणाऱ्याची (कलम १७). म्हणजे क्लबने मानधन देऊन बोलावलं तर ते फोटो परस्पर विकायच्या आधी करार बघा. आणि मालकी तुमची असली तरी दुसऱ्याचा चेहरा जाहिरातीला वापरायची मुभा त्यात येत नाही. खेळाडूलाच त्याचा प्रिंट विकणं आणि कंपनीला विकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आत्ता कोर्टात आहे, बाकी रात्री लिहितो.

पोळ्या_लाटतेय
माझी मुलगी पोहते, अंडर फोर्टीन. मीटनंतर कुणीतरी सगळ्या मुलींचे फोटो उघड्या लिंकवर विक्रीला टाकले, स्विमसूटमधले, नाव शाळा सगळं खाली. आम्हा आयांपैकी कुणालाच विचारलं नव्हतं. फोन केला तर म्हणे पब्लिक इव्हेंट होता मॅडम. अहो पब्लिक म्हणजे काय, स्टँडमध्ये आम्ही आईबापच तर होतो. सगळ्या जणींनी मिळून आयोजकांना गाठलं तेव्हा लिंकला पासवर्ड लागला आणि नावं निघाली. आता फॉर्मवरच फोटोला हो की नाही असा रकाना आहे. पुढचं नंतर, कुकरची शिट्टी झाली

रात्रीचा_एडिटर
ताई बरोबर केलंत. लहान मुलांचं तर मी पालकांना व्हॉट्सॅपवर खाजगीत पाठवतो, हवा तो सांगा, बाकी डिलीट. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठराखालच्यांसाठी पालकांची संमती आहेच.

मातीतला
फडात कागद कुठला काढता, हलगी चालू असते, पैलवान घामाने निथळतोय, सही केली तर शाई पसरते. मी वस्तादांना आदल्या दिवशी तालमीत भेटतो, फोटो कशाला हवेत ते सांगतो, पोरांच्या घरचे तिथंच येतात. वस्ताद नको म्हणाले तर विषय संपला. बाय द वे ७०-२०० लेन्स सेकंडहँड कुणाकडे आहे का, कोल्हापूर सांगली कुठंही चालेल

कोपऱ्यातला_कॅमेरा
@मातीतला कॅननचा आहे माझ्याकडे, थोडी बुरशी आहे आत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा

चहा_दोनदा
बुरशीची परवानगी घेतली का